बॅटरी बदलण्याआधी व्होल्ट मोजा

महाशिवरात्रीच्या यात्रेत गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला जाणाऱ्या गाड्या वैनगंगेकडे इंचाइंचाने सरकतात. ब्लोअर पूर्ण, दिवे लागलेले, मध्येच रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि हेडलाइट मिणमिणू लागतात. थोडी रेस दिली की पुन्हा झक्क. अशा वेळी कुणीतरी सांगतोच, ‘बॅटरी गेली.’ लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण साडेतीन ते पाच हजारांना पडते, डिझेलची सहा ते आठ हजारांना. दोष डायनेमोत असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसते आणि पैसे पाण्यात जातात.

म्हणून आधी 300 ते 600 रुपयांचा डिजिटल मीटर घ्या. रात्रभर बंद असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. आता गाडी सुरू करा, रेस देऊ नका. 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा 13 च्या वर टिकला तर डायनेमो काम करतोय. 12.6 च्या खाली घसरला तर बॅटरीच गाडी ओढते आहे. रेस दिल्यावर 15 च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, संशयित. काही नव्या गाड्यांत मात्र संगणकच इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतो; तिथे दोष ठरवण्याआधी गाडीचे मॅन्युअल पाहा.

सर्वांत स्वस्त दोष सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, तो अर्थिंगचा. मुरमाच्या रस्त्याची धूळ आणि इथल्या पावसाळ्याची ओल यांनी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, इंजिनला जोडलेली अर्थची पट्टी आतून कुजते. गाडी चालू, दिवे लागलेले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आले तर दोष इथेच. टर्मिनलची जोडी शंभर-दोनशेला, पट्टी दोन-चारशेला मिळते. नुसते गरम पाणी आणि तारेचा ब्रशही कधी कधी पुरतो.

त्यानंतर डायनेमो फिरवणारा पट्टा. ढिला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो, गाडी सुरू करताना चिरकतो. मजुरीसह 600 ते 1,700 रुपये. इंजिनची रेसच कमी असेल तर डायनेमो पुरेसा फिरत नाही. थ्रॉटल बॉडी साफ करायला 500 ते 1,200 लागतात. डायनेमोचे कार्बन ब्रश झिजले असतील तर हजाराच्या आत काम होते, कटआउटला 800 ते 2,000. अख्खा नवा डायनेमो मात्र आठ ते पंधरा हजार, दुरुस्त केलेला त्याच्या निम्म्यात. हे आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे बदलतात. सुटा भाग चामोर्शीत किंवा मूलमध्ये न मिळाल्यास चंद्रपूरची खेपही हिशेबात धरा.

चालू गाडीची बॅटरी काढून डायनेमो तपासण्याची जुनी पद्धत कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्याने गाडीचा संगणक जळू शकतो आणि तो या सगळ्याहून महाग आहे.

काढलेला जुना भाग परत मागा. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, पक्के बिल घ्या. मोफत बदलीचे महिने किती आणि घट धरून बदलीचे किती, हे आधीच विचारा. जुनी बॅटरी दुकानदाराला दिली की किमतीत सूट मिळते. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

आलापल्ली-सिरोंचा मार्गावर रात्री बॅटरीचा लाल दिवा लागला तर एसी, ब्लोअर, गाणी बंद करा, पण वस्ती येईपर्यंत इंजिन बंद करू नका, ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. अपवाद एकच: पट्टा तुटला तर अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो. तापमानाचा काटा चढू लागला तर गाडी लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.