शेतात पिकणारा वारा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथील डेलाबोल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर १९९१ साली दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ब्रिटनमधील हे पहिले व्यापारी पवनविद्युत् केंद्र होय. प्रत्येक चक्कीची क्षमता ४०० किलोवॅट होती. चक्कीचा पाया थोडीच जमीन अडवतो. त्यामुळे भोवतालची शेती चालू राहू शकते.

मात्र कोणतेही शेत यासाठी चालत नाही. का, ते पाहू.

विद्यार्थी मित्रहो, वाऱ्यासमोर एक चौरस मीटरची चौकट धरली आहे अशी कल्पना करा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल, तर दर सेकंदाला चौकटीतून ६ घनमीटर हवा जाते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर तिचे वस्तुमान ७.२ किलोग्रॅम होते. तिची गतिज ऊर्जा :

½ × ७.२ × ६² = १२९.६ ज्यूल

म्हणजे शक्ती सुमारे १३० वॅट. आता वेग १२ मीटर करा. हवा दुप्पट येईल आणि वेगाचा वर्ग चौपट होईल. म्हणून शक्ती ८ पट, सुमारे १,०३७ वॅट! शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ती अशी.

ही सारी शक्ती मात्र हाती येत नाही. पात्यांनी सर्व ऊर्जा काढून घेतली, तर हवा तेथेच थांबेल व मागच्या हवेला वाट उरणार नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती मिळू शकते, असे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी दाखवले.

डेलाबोलच्या जुन्या चक्क्या काढून २०११ पर्यंत तेथे प्रत्येकी २,३०० किलोवॅटच्या चारच चक्क्या बसवण्यात आल्या. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३४ मीटरवरून ७१ मीटर झाला. म्हणजे क्षेत्रफळ चौपटीहून अधिक. शिवाय जमिनीच्या घर्षणाने मंदावलेला वारा उंचावर जोरात वाहतो. एकूण क्षमता ४,००० वरून ९,२०० किलोवॅट झाली.

म्हणूनच चक्की उभारण्यापूर्वी निदान वर्षभर वाऱ्याचा वेग मोजतात. प्रत्यक्ष वेग अंदाजापेक्षा १० टक्के कमी निघाला, तर शक्ती ०.९³ = ०.७२९ पट, म्हणजे २७ टक्के कमी! कर्ज काढून चक्की उभारणाऱ्या शेतकऱ्याचे गणित अशा चुकीने पार कोलमडेल.

सोडवा : वाऱ्याचा वेग ८ वरून १० मीटर झाला, तर शक्ती किती पट होईल? (उत्तर : सुमारे १.९५ पट)