तुळईचा तंबोरा

पुण्याच्या एका गायिकाबाईंनी पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई जुन्या मालाच्या वखारीतून घेतली आणि टेम्पोनं मिरजेला आमच्याकडे धाडली. "शंभर वर्षांचं लाकूड आहे, यातूनच तंबोरा करा." वरून रूप देखणं. चिरायला घेतली तर करवतीचे दातच गेले. आत चौकोनी खिळा, भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं. पुढे मधोमध गाभा निघाला, त्यातून चहूबाजूंना फुटलेले तडे. हाती लागले ते आखूड तुकडे, खुंट्यांपुरते. दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली शेवटी तुनाचीच केली. तुळईचे पैसे बाईंच्या अंगावर पडले.

यात वखारवाल्याची लबाडी किती, देव जाणे. पण तुळईचा धर्मच तबलीच्या उलट. भार पेलायला सुतार अख्ख्या खोडाचा सोट घेतो, गाभा पोटात ठेवून. तबलीला गाभ्यापासून लांबची, उभ्या सरळ रेषांची, बिनगाठीची फळी लागते. म्हणून जुनं लाकूड घेताना टोकाकडून पाहा. वलयांचा मध्य दिसला की समजा, आत तडे असणार. रुंद दारांच्या आणि तक्तपोशीच्या फळ्यांत कधीकधी खरा माल सापडतो. लोखंड शोधायचं यंत्र फिरवल्याशिवाय करवत लावू नका. ताजा पिवळा भुसा सांडत असेल तर कीड जिवंत आहे, फुकट मिळालं तरी घेऊ नका.

वयाला भुलून लोक ओलावा विसरतात. उघड्यावर पावसाळे काढलेलं लाकूड वरून सुकतं, आत नाही. टोक नव्यानं कापून तिथं मीटर लावा, चिरलेल्या फळ्या सावलीत ठेवून पुन्हा मोजा. आणि कितीही जुनं असो, हवेतला ओलावा ते घेतं नि सोडतं. हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या अमेरिकेतल्या घरात तबली तडकते ती यामुळेच.

दुर्मीळ म्हणून शिसवी मागणाऱ्यांना मी आधी कागद विचारतो. 2017 पासून शिसवीच्या अख्ख्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. तारांखालच्या घोडीसाठी सांबरशिंग कोणी देऊ केलं तर हातही लावू नका, वन्यजीव कायदा आहे. लाकडाची पावती मात्र जातीच्या नावासकट मागून घ्या, आणि वाद्य परदेशी जाणार असेल तर तिची एक प्रत पेटीत घाला.