लेन्स नंतर घे, आधी पाय हलव

अगं, कॅमेरा घेतलास ते छान केलंस. पण सोबत आलेली १८-५५ ‘साधीच’ म्हणून लगेच दुसऱ्या लेन्सच्या मागे लागू नकोस. ते युरो हिवाळ्यात हीटिंगच्या बिलाला लागतील.

तुझ्या लायडनच्याच विलेब्रॉर्ड स्नेलने १६२१ च्या सुमाराला प्रकाश काचेत शिरताना किती वळतो, त्याचा नियम शोधला. गावातल्या एका भिंतीवर तो रंगवलेलाही आहे. बूरहाव संग्रहालयात लेवेनहुकचे सूक्ष्मदर्शक बघून ये. धातूची छोटीशी पट्टी, तीत इवलंसं एकच भिंग. तसल्या भिंगातून त्याने जिवाणू पाहिले! मग एका लेन्सवर तुझं वर्ष सहज निघेल.

१८ आणि ५५ ही मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ. आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर अरुंद. एवढं दुकानदारही सांगतो. पुढचं मी सांगते. ‘द फाल्क’ पवनचक्कीपुढे मैत्रिणीला उभी कर. १८ वर, तिच्या अगदी जवळून फोटो काढ. चक्की मागे लहानशी दिसेल, मैत्रिणीचं नाक मात्र मोठं येईल आणि ती रुसेल. मग बरीच मागे जा, ५५ वर ने, फोटोत मैत्रीण पहिल्याएवढीच येऊ दे. आता चक्की थेट तिच्या पाठीशी येऊन उभी राहील. ही किमया तुझ्या अंतराची आहे; लेन्सने फक्त चौकट आवळली.

दुसरा आकडा एफचा, तो निव्वळ भागाकार. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर असेल, तर भोक २५ मिलिमीटरचं. म्हणून एफ वाढला की भोक लहान. २.८ वरून ४ वर गेलीस की उजेड निम्मा होतो. भोक मोठं ठेवलंस तर मागचं धूसर होतं, लहान केलंस तर रापेनबुर्गच्या कालव्यापलीकडची घरंही स्पष्ट येतात.

डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. तेव्हा खुशाल आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० कर. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा. ५५ वर हातात धरून काढताना शटर १/१०० च्या खाली नेऊ नकोस.

वर्षाने हिशेब मांड. प्रत्येक फोटोची फोकल लेंग्थ कॅमेरा नोंदवून ठेवतोच. बहुतेक फोटो ३५ च्या आसपास असतील तर ३५ एफ १.८ घे, सारखी ५५ वर अडत असशील तर लांब पल्ल्याची. मार्क्टप्लाट्सच्या संकेतस्थळावर जुनी मिळाली तर उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना, ते आधी बघ.

तोवर एक काम कर. या शनिवारी न्यूवे राइनच्या बाजारात जा, झूम ३५ वर ठेव आणि त्याला हात लावू नकोस. मासळीवाल्याला विचार, हो म्हणाला तर दोन पावलं पुढे हो. फोटो मला पाठव. मात्र नुसतं ‘छान’ म्हणेन, अशी आशा ठेवू नकोस हं!