‘गोव्यातलं’ म्हटलं की भाव तिप्पट

पोर्तुगीज सैन्याचं जुनं सामान जमवणाऱ्याला आपल्याकडे सगळ्यात महाग पडते ती विक्रेत्याची कहाणी. वस्तू साधीच असते. पाण्याची बाटली, खांद्याची पिशवी, कमरेचा पट्टा. पण ‘साहेब, 1961 ची, गोव्यातली’ एवढं जोडलं की भाव तिप्पट. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं की आधी पाकीट आत ठेवतो.

हिशोबच बघा ना. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात पोर्तुगालचे तीन-साडेतीन हजार सैनिक होते. 19 डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा शरण आले, सैनिक युद्धकैदी झाले आणि पुढच्या वर्षी मायदेशी गेले. मागे राहिलेलं सामान ते कितीसं असणार? याउलट अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगालने 1961 ते 1974 युद्ध लढलं, लाखो तरुण तिकडे धाडले. आज बाजारात फिरणारा बहुतेक माल त्या आफ्रिकेतल्या युद्धाचा, नाहीतर त्याच्याही नंतरचा.

म्हापशाला एका व्यापाऱ्याने मला कॅनव्हासची मॅगझीन ठेवायची पाकिटं दाखवली होती. ‘आग्वादच्या किल्ल्यावरची’ म्हणाला. मी पाकिटाची खोली बोटाने मापली. जी-3 रायफलचं वीस गोळ्यांचं मॅगझीन त्यात अगदी बेतून बसावं अशी शिवण होती. पोर्तुगीज सैन्यात जी-3 चं अधिकृत नाव एम/961, म्हणजे 1961 साली स्वीकारलेली. वर्षातला पहिला आकडा गाळून लिहायची त्यांची रीतच आहे. नवी हत्यारं तेव्हा आफ्रिकेकडे जात होती. गोव्यातल्या शिपायाच्या खांद्याला जुनी बोल्टची रायफल होती. पाकीट अस्सल होतं, आग्वाद मात्र व्यापाऱ्याच्या पदरचं! पाकिटाचे पैसे द्यायची माझी तयारी होती, आग्वादचे नव्हती. सौदा तुटला.

कॅमोफ्लाज कपड्यांचंही असंच. उभ्या पट्ट्यांची हिरवी-तपकिरी नक्षी पोर्तुगीज सैन्याने आफ्रिकेत रूढ केली, पण युद्ध संपल्यावरही अनेक वर्षं तीच वापरली. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून काळ ठरवायचा नाही. आतल्या शिक्क्यावर साल आहे का, कापड निव्वळ सुती आहे की कृत्रिम धाग्याची भेसळ आहे, हे बघायचं. ‘ओजीएफई’ ही अक्षरं दिसली तर तो लिस्बनच्या लष्करी गणवेश कारखान्याचा शिक्का. (हा कारखाना कांपो द सांता क्लारा इथे होता. तिथेच मंगळवारी आणि शनिवारी फैरा द लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.)

शिक्काही डोळे झाकून मानू नका. भिंगाखाली धरा. जुनी शाई धाग्यात मुरलेली असते आणि मळ, घासल्याच्या खुणा तिच्या वर असतात. शाई मळावर चढलेली दिसली, किंवा उसवलेल्या धाग्याच्या टोकालाही लागलेली दिसली, की शिक्का मागाहून मारलाय समजा. अतिनील टॉर्चखाली शिवणीचा धागा निळसर चमकला तर धागा नवा असू शकतो. मात्र आजच्या साबणपावडरीत धुतलेलं जुनं कापडही तसंच चमकतं, म्हणून केवळ टॉर्चवर निकाल देऊ नये.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पिशवी घरी आली की बादलीत बुडवायची घाई नको. सालाचा शिक्का, शिपायाचा नंबर, आत शाईने लिहिलेलं नाव, सगळं एका धुण्यात जातं. मऊ ब्रश आणि सावलीतली हवा पुरे. कोकणातल्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते आणि पितळी रिव्हेटभोवती हिरवा, मेणचट थर चढतो. तो लाकडी काडीने अलगद काढायचा, तेल चोपडायचं नाही. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. सुती कापडात सैल गुंडाळा.

कायद्याच्या बाबतीत हयगय नको. संगीन घ्यायच्या आधी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो का, हे पोलिसांकडून लेखी विचारून घ्या. काडतूस किंवा हातबॉम्बसारखं काही दिसलं तर ‘निकामी आहे’ या शब्दावर विसंबू नका. हात न लावता पोलिसांना कळवा. परदेशातून मागवताना पार्सलवर काय लिहायचं ते विक्रेत्याला आधीच सांगा. माझी एक कॅनव्हासची पिशवी ‘लष्करी साहित्य’ अशा मोघम नोंदीमुळे कस्टममध्ये अडकली होती. ‘वापरलेली कापडी पिशवी, शस्त्र नाही’ असं लिहिलं असतं तर खुलाशाची कागदपत्रं करावी लागली नसती. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू, समजा पहिल्या महायुद्धातलं पन्हाळीदार पोर्तुगीज शिरस्त्राण, खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही.

खरोखरच गोव्यातली असलेली एखादी वस्तू आजही जुन्या घरांत, माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत निघते. तुमच्याकडे अशी असेल तर ती पुसण्याआधी आणि विकण्याआधी घरातल्या थोरामोठ्यांना विचारा. कुणी आणली, कुठून, कोणत्या साली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांची सही घ्या, तारीख घाला आणि तो कागद वस्तूसोबत ठेवा. असा कागद असेल तर माझ्यासारखा माणूस ‘गोव्यातली’ या शब्दाचे जादा पैसे आनंदाने मोजेल.