नाव एक, पत्ते अनेक

जयपूर शहर इ. स. १७२७ मध्ये वसले. त्याच्या दक्षिणेचे सांगानेर हे त्याहून जुने गाव, परंतु आज ते त्याच महानगराचा भाग बनले आहे. हातकागद आणि लाकडी ठशांनी छापलेले कापड यांसाठी त्याची ख्याती आहे. जयपूरचा विमानतळही येथेच आहे. या विमानतळावर घेतलेली हवामानाची निरीक्षणे देशोदेशी पाठविली जातात, आणि त्या प्रवासात या एकाच जागेला निरनिराळी नावे मिळतात. हवामान केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती 'जयपूर/सांगानेर' असून तिचा क्रमांक ४२३४८ आहे. वैमानिकांच्या कागदपत्रांत ती 'व्हीआयजेपी' होते, तर प्रवाशाच्या तिकिटावर 'जेएआय'. गावातले लोक मात्र तिला सांगानेरच म्हणतात.

ही सर्व नावे एकाच जागेची आहेत हे जाणकार माणूस सहज ओळखतो. यंत्राला अशी ओळख नसते. त्याच्या दृष्टीने 'जयपूर' आणि 'सांगानेर' या दोन वेगळ्या अक्षरमालिका होत, आणि त्यांचा संबंध कोणीतरी लिहून ठेवला नसेल तर तो अस्तित्वातच नाही. अनेक संगणकांना एकत्र जोडून त्यांच्याकडून मोठे काम करून घेताना ज्या अडचणी येतात, त्यांतील एक फार मोठा वर्ग या साध्या गोष्टीतून निर्माण होतो.

काम अनेक संगणकांत का वाटावे लागते, हे हवामानाच्या अंदाजावरून चांगले समजते. अंदाज करताना वातावरणाची कल्पना एका जाळीसारखी केली जाते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' कार्यान्वित झाली. तिच्या जाळीचा घर सुमारे ६ किलोमीटरचा आहे, पूर्वीचा १२ किलोमीटरचा होता. एवढे गणित एका संगणकाला वेळेत झेपणारे नाही. म्हणून जाळीचे तुकडे पाडून ते अनेक संगणकांत वाटून देतात. परंतु वारा तुकड्यांच्या सीमा मानीत नाही. त्यामुळे काळाच्या प्रत्येक पावलाला प्रत्येक संगणकाला आपल्या कडेची माहिती शेजाऱ्याला द्यावी लागते व त्याच्याकडून घ्यावी लागते. शेजारी सापडला नाही तर केवळ एक तुकडा अडत नाही, सगळेच संगणक त्याची वाट पाहत थांबतात. उशिरा आलेला अंदाज हा अंदाजच नव्हे. सांगानेरचा छिपा आपले ओले कापड उघड्यावर उन्हात वाळवतो. दुपारच्या पावसाची सूचना त्याला सकाळी हवी असते, संध्याकाळी नको.

आता समजा, जयपूरच्या एखाद्या महाविद्यालयात दहा सामान्य संगणक जोडून असा एक लहान संगणक-समूह उभारला आहे. (सामान्य संगणकांचा असा समूह बांधण्याची प्रथा १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतील टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांच्या 'बेओवुल्फ' या प्रयोगापासून रूढ झाली.) यंत्रांना आमेर, जयगढ, नाहरगढ, बगरू, सांगानेर अशी परिसरातील नावे दिली आहेत. आमेर हे मुख्य यंत्र आहे. ते कामांची रांग सांभाळते आणि मोकळे यंत्र पाहून काम सोपवते. संशोधक सांगानेर या यंत्रासमोर बसतो आणि तेथून काम दाखल करतो. काम दाखल होत नाही, किंवा दाखल होऊनही पुढे सरकत नाही. अशा वेळी दोष गणिताच्या आज्ञावलीत आहे असे समजून ती तपासण्यात दिवस घालविले जातात, आणि ती बहुधा निर्दोष असते.

यंत्राला स्वतःचे जे नाव ठाऊक असते त्याला होस्टनेम म्हणतात. ते त्याच्याच एका फाईलमध्ये लिहिलेले असते. परंतु तारेवरून संदेश जातो तो नावाने नव्हे, तर आयपी पत्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकाने. नावावरून क्रमांक शोधण्याच्या दोन जागा आहेत. एक, प्रत्येक यंत्रात असलेला होस्ट्स नावाचा स्थानिक तक्ता, आणि दुसरी, जाळ्यावरील नामसेवा, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. बहुधा प्रथम तक्ता पाहिला जातो आणि तेथे उत्तर मिळाले तर पुढे कोणी विचारीत नाही. म्हणजेच नामसेवेत सर्व काही अचूक असले तरी एका यंत्रातील तक्त्याची एक चुकीची ओळ तिच्यावर मात करते.

सर्वांत फसवी ओळ कोणती, हे येथे सविस्तर सांगितले पाहिजे. १२७.०.०.१ हा क्रमांक प्रत्येक यंत्रात असतो आणि त्याचा अर्थ 'मी स्वतः' एवढाच असतो. या क्रमांकाला पाठविलेला संदेश यंत्राबाहेर पडतच नाही. काही प्रणाली बसविताना यंत्राचे नाव याच जातीच्या क्रमांकाशी बांधले जाते. डेबियन या प्रणालीत तो १२७.०.१.१ असा असतो. एकट्या यंत्रासाठी ही सोय चांगली आहे, कारण जाळे बंद असले तरी यंत्राला स्वतःचे नाव सापडते. समूहात मात्र तीच घातक ठरते. सांगानेर या यंत्राला कामासाठी आपला पत्ता इतरांना कळवायचा असतो. ते स्वतःचे नाव तक्त्यात शोधते, तेथे १२७.०.१.१ मिळते, आणि तोच पत्ता ते बगरूला कळवते. बगरू त्या पत्त्यावर संदेश पाठवते आणि तो स्वतः बगरूपाशीच पोहोचतो. परगावच्या माणसाला पत्रात 'उत्तर माझ्या घरी पाठवा' एवढेच लिहावे आणि त्याने त्या शब्दांप्रमाणे ते स्वतःच्याच घरी टाकावे, तसा हा प्रकार होय. याचे बाह्य लक्षण चमत्कारिक असते. कधी जोडणी नाकारल्याची सूचना मिळते. पण पुष्कळदा रांगेत काम 'चालू' दिसते, चूक कोठेच नोंदलेली नसते, आणि निकालाची फाईल रिकामीच राहते. स्पष्ट नकारापेक्षा हे मौन अधिक वेळ खाते.

दुसरा दोष नावाच्या लांबीचा. सांगानेर या यंत्राचे नाव नुसते 'सांगानेर' असू शकते, किंवा संस्थेच्या नावासह पूर्ण लिहिलेले असू शकते. संदेश आल्यावर मुख्य यंत्र पुष्कळ वेळा उलट शोध घेते, म्हणजे ज्या क्रमांकावरून संदेश आला त्याचे नाव विचारते, आणि ते आपल्या परवानगीच्या यादीशी ताडून पाहते. यादीत लघुनाम आणि उलट शोधात पूर्णनाम मिळाले तर काही व्यवस्था त्या यंत्राला परके ठरवितात आणि काम दाखल करण्याचा अधिकार नाही असे सांगतात. संशोधक मग आपला परवलीचा शब्द बदलीत बसतो! वस्तुतः त्याच्या अधिकाराचा येथे काही संबंध नाही.

नावात अधोरेषा वापरणे हेही टाळावे. नियमाप्रमाणे यंत्राच्या नावात अक्षरे, अंक व जोडरेषा एवढेच चालते. एका यंत्राची तबकडी जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरविली आणि नाव बदलायचे राहिले, तर समूहात दोन सांगानेर होतात.

मग प्रत्येक यंत्रात सर्वांची नावे असलेला एकच तक्ता ठेवला तर? आरंभीच्या काळात हेच केले जात असे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील सर्व यंत्रांची एक यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली राखली जाई आणि इतर केंद्रे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी फुगली, प्रती जुन्या होऊ लागल्या, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नामसेवेची विभागलेली रचना मांडली. तरीही दहा-वीस यंत्रांच्या बंदिस्त समूहात एक तक्ता ठेवण्यात कमीपणा नाही. मूळ प्रत एकच असावी आणि बाकीच्या तिच्यावरूनच तयार व्हाव्यात, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे. हाताने दहा ठिकाणी दुरुस्त केलेला तक्ता लवकरच दहा निरनिराळे तक्ते बनतो.

तपासणी करताना नवशिक्या माणूस आपल्या समोरच्या यंत्रावर नाव विचारतो, उत्तर बरोबर येते आणि तो समाधान पावतो. पण प्रश्न सांगानेर स्वतःला काय म्हणते एवढाच नाही. आमेर त्याला कोणत्या क्रमांकाने ओळखते, बगरू कोणत्या, आणि त्या क्रमांकावरून उलट विचारले असता तेच नाव परत मिळते काय, हे त्या त्या यंत्रावर जाऊन विचारले पाहिजे. कोठे १२७ ने सुरू होणारे उत्तर आले, तर तेथेच थांबून त्या यंत्रातील तक्ता उघडावा. दुरुस्ती केल्यावरही दोष लगेच जाईल असे नाही. नामसेवेची जुनी उत्तरे काही काळ साठवलेली असतात, आणि रांग सांभाळणारी आज्ञावली पुष्कळदा नावे फक्त सुरू होताना वाचते. ती पुन्हा सुरू केली नाही तर बरोबर दुरुस्तीही निरुपयोगी भासते आणि माणूस ती मागे घेऊन बसतो.

अंदाजाचे मोठे काम देण्यापूर्वी एक अगदी लहान काम दाखल करावे. प्रत्येक यंत्राने फक्त आपले नाव लिहून पाठवावे, एवढेच त्यात असावे. मिनिटभरात दहा नावे परत आली पाहिजेत. नऊच आली आणि बगरूचे आले नाही, तर प्रथम बगरूवर जावे. दहा आली परंतु सांगानेर दोनदा आले, तर नाव न बदललेली प्रत शोधावी. दहाही नावे वेगळी आली तरी प्रत्येक यंत्र शेजाऱ्याशी बोलू शकते हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी यंत्रांनी जोडीजोडीने एकमेकांना एकेक आकडा पाठवावा असे दुसरे लहान काम द्यावे. तेही पुरे झाले की वातावरणाची जाळी त्यांच्या स्वाधीन करावी.