कोऱ्या कागदाचा उजेड

भोसरीच्या शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. वर्गातली बहुतेक मुलं कंपनीत जाणाऱ्यांची. कुणाचे वडील पिंपरीत, कुणाचे चाकणला. त्या वर्षांनी जे शिकवलं, ते लिहितो आहे.

१. उजेड राखावा लागतो.
सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. सगळं जलरंगात. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात अंधार एकदा पसरला की कागदाचा पांढरा परत येत नाही. म्हणून दिव्याची जागा आधी राखायची आणि अंधार त्याच्याभोवती आणायचा. कित्येकांना हे चित्र राजा रविवर्म्याचं वाटतं. मी दर वर्षी नव्या वर्गाला हळदणकरांचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचो. चित्रातली बाई म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी, गीता.

२. विषय घरातच असतो.
एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला स्मरणचित्राचा विषय दिला, ‘आमची संध्याकाळ’. चाळीस कागदांवर दोन डोंगर, मधोमध सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. भोसरीत! वर्गाच्या खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसत होते. चित्रात काढायच्या गोष्टी वेगळ्या असतात, असं मुलांना वाटायचं. पुढच्या तासाला विचारलं, “पप्पा सेकंड शिफ्टहून येतात तेव्हा घरात काय होतं?” वर्ग बोलायला लागला. कुणी म्हणालं, मोठी लाइट लावत नाहीत. कुणी म्हणालं, आई डबा उघडून बघते, भाजी उरली का. मागच्या बाकावरचा एक मुलगा काहीच बोलला नाही. त्याने काढलं होतं: अंधारं दार, बाहेर सेफ्टी शूजचा जोड, त्यांत कोंबलेले मोजे आणि दाराच्या फटीतून आलेली उजेडाची पट्टी. ती पट्टी त्याने कोरी सोडली होती. जलरंगाचा धडा तोवर मी त्या वर्गाला दिलाही नव्हता.

३. मुलाच्या कागदावर आपला ब्रश लावू नये.
एका मुलीच्या मडक्याची कड मी एकदा दुरुस्त करून दिली. त्यानंतर वर्षभर ती प्रत्येक चित्र घेऊन यायची, “सर, कड तुम्हीच काढा ना.” चूक माझी होती. तेव्हापासून शेजारी वेगळा कागद ठेवून त्यावर दाखवू लागलो.

४. शिकवण्याने चित्रकार संपत नाही.
तो संपेल, ही धास्ती मला बरीच वर्षं होती. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, पिढ्या शिकवल्या आणि दिव्याचं ते चित्र साठी उलटल्यावर केलं. मीही रविवारी चित्रं काढायला चाकणला जायचो. संग्रामदुर्गाचे उरलेले बुरूज, बाजारातले कांद्याचे ढीग. कांद्याच्या सालीचा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. फिकट तांबड्यावर जांभळा द्यावा लागतो, तोही खालचा थर पूर्ण वाळल्यावर. तेव्हा काढलेल्या कित्येक शेतांवर आज शेड उभ्या आहेत. एका शेतकऱ्याने माझी वही चाळताना विहिरीजवळच्या कडुनिंबावर बोट ठेवलं, “हा आमचा.” झाड तुटून बरीच वर्षं झाली होती. ते पान मी त्यांना फाडून दिलं.

५. नजर कुठेही कामाला येते.
सेफ्टी शूज काढणारा तो मुलगा आता चाकणला एका गाडीच्या कंपनीत पेंट शॉपला आहे. मागच्या दिवाळीत फराळाला आला. म्हणाला, “सर, बॉडी पत्र्याची, बंपर प्लास्टिकचा. पांढरा एकच, पण मला दोन दिसतात. बाकीचे म्हणतात, सेमच आहे. मीटर लावला की फरक निघतो.” चहा गार झाला, तरी आम्ही पांढऱ्याबद्दलच बोलत होतो.