कापसाची गाठ आणि नौशिक्षण

अकोटच्या विद्यार्थ्याला कापूस परिचित आणि सागर दूरचा. तथापि नौशिक्षणातील एक मोठा धडा कापसाच्या गाठीशीच निगडित आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या, तशीच सुमारे १४०० टन स्फोटकेही. गाठी धुमसत राहिल्या. जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांचा निर्णय होईना. दुपारी चारनंतर स्फोट झाले व शेकडो माणसे दगावली. कापूस का धुमसतो हे रसायनशास्त्र सांगते. आगीवर मारलेल्या पाण्याने जहाजाचा तोल कसा बदलतो हे भौतिकशास्त्र. आदेश कोणी द्यावा हा प्रश्न मात्र कायद्याचा व व्यवस्थापनाचा. हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकविले, तरी जहाजावर ते एकाच क्षणी उभे ठाकतात. नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० साली नेतृत्व व सहकार्य यांचा समावेश झाला, तो उशिराच म्हणावा लागेल.

२००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठात नौकानयनाच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. इंग्रजीच्या गुणांचीही अट असते. ती शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दहावीतच सांगावी.